मामा, शुगर लिवायची नाही हं!

आज दुपारी बेळगावच्या टिळकवाडीत चहाच्या गाड्यावर शेजारच्या बाकावर आयुर्विम्याचा फॉर्म भरणं चाललं होतं. गिऱ्हाईक पन्नाशीचं, शर्टाच्या खिशातून मेटफॉर्मिनची, म्हणजे शुगरच्या गोळ्यांची, स्ट्रिप डोकावत होती. आणि एजंट म्हणतोय, "मामा, शुगर लिवायची नाही हं. हप्ता वाढतोय बघा." तब्येतीच्या सगळ्या प्रश्नांपुढे एका दमात नो, नो, नो. डोकंच फिरलं.

हप्ता वाढतो, खरं आहे. शुगर गोळीने आटोक्यात असेल तर बहुतेक वेळा जादा हप्ता लावून पॉलिसी मिळते. फारच बिघडलेली असेल तर पुढे ढकलतात नाहीतर नाकारतात. पण ते आज कळतं. लपवलं तर कळतं बायकोला, तेराव्यानंतर.

एजंटाचं म्हणणं, "औषध मिरजेचं हाय, हितं कुणाला कळतंय?" अहो, पहिल्या तीन वर्षांत माणूस गेला की कंपनी चौकशी लावते, हॉस्पिटलचे केस पेपर मागवते. अॅडमिट करताना डॉक्टर विचारतात, शुगर कधीपासून? घाबरलेली बायकोच सांगते, "आठ वर्सं झाली." ते कागदावर उतरतं. पॉलिसी दोन वर्षांची, शुगर आठ वर्षांची. आता क्लेमसाठी भांडा.

विम्याच्या मेडिकल तपासणीआधी दोन दिवस भात सोडून उपाशीपोटीची शुगर थोडी खाली येईलही, पण एचबीए१सी या रक्ततपासणीचा आकडा हलत नाही. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते. तंबाखूचंही तेच. आपल्या निपाणीकडे "ओढत नाही, नुसती चघळतो" म्हणून 'नो' ठोकतात. चघळलेली तंबाखू, मशेरी, सगळं तंबाखूच. लघवीत सापडणारं कोटिनीन (निकोटीनपासून शरीरात बनतं ते) ओढलेली आणि चघळलेली असा भेद करत नाही.

विमा कायद्याचं कलम ४५ सांगू नका. तीन वर्षांनंतर पॉलिसीवर शंका घेता येत नाही, मान्य. पण हप्ते थकून पॉलिसी बंद पडली आणि परत चालू केली, तर ती तीन वर्षं त्या तारखेपासून पुन्हा मोजतात. त्या वेळी भरलेल्या तब्येतीच्या घोषणापत्रातही खोटं चालत नाही.

मामांवर राग नाही माझा. फॉर्म इंग्रजीत, नाहीतर कन्नडमध्ये. ते वाचणार काय? सगळे एजंट असे नसतात, हेही खरं. पण पॉलिसी हातात आली की सोबतची प्रपोजल फॉर्मची कॉपी पोराकडून वाचून घ्या. चुकीचं 'नो' दिसलं तर शाखेत लेखी कळवा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. नको वाटली तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

फॉर्म एका भाषेत आणि सही दुसऱ्या भाषेत असेल तर खाली एक वेगळी घोषणा असते: 'यातला मजकूर मी यांना यांच्या भाषेत समजावून सांगितला.' आज ती एजंटाने न वाचताच भरली. मामांनी विचारलं ते एवढंच, "सही मराठीत चालती न्हवं?"