‘१२ व्होल्टने आग लागत नाही’: कॅम्परवाल्यांनो, फ्यूज काढू नका

कॅम्परच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीच्या, दिव्यांबद्दलचा एक मेसेज सध्या जोरात फिरतो आहे. ‘आतले सगळे दिवे लो-व्होल्टेज एलईडी करा, बॅटरी दहापट चालेल’ ही त्याची सुरुवात आणि खाली सूचनांची यादी. ग्रुपवर तो पहिल्यांदा आला तेव्हा मी सोडून दिला होता. आता माझ्या मामेभावाने तो वाचून गाडीच्या वायरिंगला हात लावलाय, त्यामुळे गप्प बसवत नाही. त्याने जुनी ट्रॅव्हलर घेऊन मागे दोन बर्थ, छोटा ओटा आणि फ्रिज असं सगळं बसवून घेतलंय. सुट्टीत वहिनी आणि दोन्ही लेकरं त्यातच झोपतात. ‘दादा, लाइट बदलले, फ्यूजची कटकटपण गेली एकदाची,’ असं तो फोनवर म्हणाला आणि मी गाडी बघायला गेलो.

फ्यूजच्या खोबणीत तांब्याची तार होती. वायर सोलून काढलेल्या चार-पाच बारीक तारांना पीळ दिलेला आणि दोन्ही टोकं खोबणीत दाबून बसवलेली. तिथून निघालेली वायर पत्र्याला पाडलेल्या भोकातून छताकडे गेली होती. भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून बसवायचं कडं, नव्हतं. पत्र्याच्या कडेला घासून वायरचं लाल आवरण एका जागी पांढुरकं पडलं होतं, आणि इतकं पातळ झालं होतं की नखाने दाबल्यावर आतलं तांबं जाणवत होतं.

हे त्याने स्वतःच्या डोक्याने केलेलं नाही. मेसेजमधली ओळ अशी आहे: ‘एलईडी लो-व्होल्टेज असतात. १२ व्होल्टने शॉक बसत नाही, आगही लागत नाही. फ्यूजमुळे व्होल्टेज पडतं आणि लाइट लुकलुकतात, फ्यूज उडत राहतो. तो काढून डायरेक्ट जोडा, नाहीतर ३० अँपिअरचा टाका.’ बाकीच्या बहुतेक सूचनांनी फार तर पैसे वाया जातील. या एका सूचनेने झोपलेल्या माणसांसकट गाडी जळू शकते, म्हणून आधी हीच घेतो.

शॉकचं खरं आहे. कोरड्या कातडीचा अवरोध एवढा मोठा असतो की १२ व्होल्ट त्यातून जाणवेल इतका प्रवाह ढकलू शकत नाहीत. पण आग लागण्याशी कातडीचा काय संबंध? आग लागते ती तार तापल्याने, आणि तार तापते ती तिच्यातून जाणाऱ्या अँपिअरने. बॅटरीचे व्होल्ट कमी असले तरी अँपिअर द्यायची तिची ताकद प्रचंड असते. स्टार्टर फिरवताना ती शेकड्याने अँपिअर देते. दोन्ही टर्मिनलवर चुकून पाना आडवा पडला की काय होतं, ते कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा.

भावाच्या गाडीचाच हिशोब करू. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची, बॅटरीपासून त्या घासलेल्या जागेपर्यंत अंदाजे पाच मीटर. एवढ्या तांब्याचा अवरोध भरतो ०.१२ ओहमच्या जवळपास. परतीचा रस्ता गाडीची बॉडीच आहे. आवरण फाटून तार पत्र्याला टेकली, तर पहिल्या क्षणी शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह जाईल. ही वायर आठ-दहा अँपिअरची. त्या शंभर अँपिअरने तारेच्या प्रत्येक मीटरमध्ये दोनशे वॅटच्या वर उष्णता तयार होते, म्हणजे मीटरभर तारेत २५ वॅटची आठ सोल्डरिंग आयर्न एकदम तापत ठेवल्यासारखं. ही तार जाते कुठून? छताच्या प्लायमागून, थर्मोकोल आणि फोममधून. फ्यूज जागेवर असता तर तो क्षणात उडाला असता आणि दिवा गेला एवढंच कळलं असतं.

‘नाहीतर ३० चा टाका’ हे त्याहून फसवं आहे, कारण फ्यूज असल्याचा भरवसा वाटत राहतो. समजा तार पत्र्याला पूर्ण टेकली नाही, गंजातून किंवा सैल जोडातून अर्धवट शॉर्ट झाली आणि २५ अँपिअर जायला लागले. ३० चा हिरवा फ्यूज २५ अँपिअरला कधीच उडणार नाही. त्या बारीक वायरमध्ये मात्र मीटरमागे १४-१५ वॅट साठत राहतील, आणि फोमने गुंडाळलेली असल्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. आवरण मऊ होणार, वितळणार, आणि हे सगळं रात्रभर प्लायच्या मागे. फ्यूज हा तारेच्या मापाने बसवायचा असतो. दिवा जळेल की राहील याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आणि एलईडी लावल्यावर फ्यूज उडत राहतो म्हणे! एलईडीने प्रवाह कमी होतो. जुने १० वॅटचे सहा दिवे मिळून ५ अँपिअर खायचे. त्यांच्या जागी दीड-दीड वॅटचे एलईडी आले की सगळे मिळून पाऊण अँपिअरवर येतात. जो फ्यूज ५ अँपिअरला टिकत होता तो पाऊण अँपिअरला उडतो, याचा अर्थ कुठेतरी शॉर्ट आहे. नवे दिवे बसवताना कुठली तरी तार दाबली गेली, होल्डर पत्र्याला टेकला, काहीतरी झालं. फ्यूज तेच सांगत होता, आणि मेसेजवाला त्यालाच काढून टाकायला सांगतो.

लुकलुकण्याचं कारणही फ्यूज नाही. धड बसलेल्या फ्यूजमध्ये पडणारं व्होल्टेज एवढं किरकोळ असतं की दिव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. गंजलेला फ्यूज होल्डर, सैल लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) किंवा रंगावरच स्क्रू मारून दिलेली बॉडी अर्थ (मायनसची पत्र्याला केलेली जोडणी), या तीन जागा आधी बघा. पाण्याचा पंप चालू होताना दिवे मंद होत असतील तर पंप आणि दिवे एकाच बारीक वायरवर आहेत. पंपाला वेगळी जाड वायर द्या.

ज्यांना माझ्या हिशोबावर विश्वास ठेवायचा नाही त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक १०७ वाचावा. बस आणि मोठ्या प्रवासी गाड्यांच्या बांधणीचा हा नियम आहे, आणि त्या गाड्यांच्या दिव्यांचं वायरिंग २४ किंवा १२ व्होल्टचंच असतं. त्यात लिहिलंय की उपकरणाला वीज देणाऱ्या प्रत्येक सर्किटला फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर हवाच. सूट फक्त स्टार्टर, इग्निशन, ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करायला तापणारे प्लग), इंजिन बंद करायची यंत्रणा, चार्जिंग सर्किट आणि बॅटरीची अर्थ जोडणी यांना. कमी वीज खाणाऱ्या उपकरणांना एकच सामायिक फ्यूज चालतो, पण तोही १६ अँपिअरच्या वर नको. घरच्या कॅम्परला हा नियम कायद्याने लागू होत नाही, हे मान्य. पण बसमधला दिवा आणि कॅम्परमधला दिवा यांची तार एकाच तांब्याची असते. १२-२४ व्होल्टने आग लागतच नसती तर हे कलम लिहायची गरज कुणाला पडली असती?

शिवाय जुना दिवाही १२ व्होल्टचाच होता. ‘लो-व्होल्टेज’ हा एलईडीने आणलेला नवा गुण नव्हेच. एलईडीने सुरक्षितता वाढते ती दुसऱ्या बाजूने, आणि तेवढं श्रेय द्यायला हवं: दिवा स्वतः कमी तापतो. जुन्या रूफ लॅम्पच्या प्लास्टिकच्या झाकणावर बल्बच्या बरोबर वर जो तपकिरी डाग पडायचा, तो आता पडणार नाही.

पुढचा मुद्दा: ‘१२ व्होल्ट लिहिलेला कोणताही एलईडी चालतो, बॅटरी १२ चीच असते.’ गाडीची बॅटरी १२ वर कधी स्थिर नसते. पूर्ण भरलेली आणि शांत असताना १२.६-१२.७, इंजिन चालू झालं की अल्टरनेटरमुळे १४ च्या पुढे, सोलर चार्ज कंट्रोलरवर १४.४ किंवा थोडं जास्त, आणि ट्युब्युलर बॅटरीला इक्वलायझेशन चार्ज (मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेलं चार्जिंग) दिलं तर १५ च्याही वर. स्वस्त पट्टीमध्ये तीन एलईडी आणि एक रेझिस्टर एवढाच मामला असतो. तीन एलईडी मिळून नऊ-साडेनऊ व्होल्ट घेतात, उरलेलं रेझिस्टरवर पडतं. १५० ओहमचा रेझिस्टर धरला तर १२ व्होल्टला साधारण १८ मिलिअँपिअर जातात आणि १४.४ ला ३२ च्या आसपास. व्होल्टेज एक पंचमांशाने वाढलं, पण रेझिस्टरमधली उष्णता तिपटीवर गेली. म्हणूनच अशी पट्टी घाट चढून येईपर्यंत चालते आणि महिन्या-दोन महिन्यांत तिचे तुकडे काळे पडायला लागतात. घेताना ‘१०-३० व्होल्ट’ असा पट्टा लिहिलेला, आत ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा प्रवाह स्थिर ठेवणारं छोटं सर्किट, असलेला दिवा घ्या. दुकानदाराला ‘गाडीचा एलईडी द्या’ एवढंच सांगितलं तर तो बसचा २४ व्होल्टचाही देईल, आणि तो १२ वर एकतर पेटणार नाही किंवा मिणमिणेल.

आता ‘दहापट’. नुसत्या दिव्यांपुरतं बोलायचं तर वरच्याच सहा दिव्यांना रात्री चार तासांत २० अँपिअर-तास (५ अँपिअर गुणिले ४ तास) लागायचे, आता ३ लागतील. सहा-सात पट झाले, चांगलेच झाले, बदल करण्यासारखा आहे यात शंका नाही. पण बॅटरीवर फक्त दिवे आहेत का? ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाच्या ४० टक्के वेळ चालला तरी ३६ अँपिअर-तास घेतो. १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच, म्हणजे ५०, काढावेत. आधी लागत होते ५६, आता ३९. आधी दिवस पुरा पडत नव्हता, आता पुरून थोडं उरतं. दहा दिवसांच्या आशेवर सोलर पॅनलचा बेत रद्द करणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या फ्रिजमधलं दूध दुसऱ्या दिवशी दुपारी नासणार आहे.

‘घरातले ९ वॅटचे बल्ब इन्व्हर्टरवर लावा, स्वस्त पडतात.’ बल्ब स्वस्त पडतो, वीज नाही. हजार वॅटच्या इन्व्हर्टरला नुसतं चालू राहायलाच दहाएक वॅट सहज लागतात, म्हणजे एक बल्ब लावला की खर्च दुप्पट. आणि ज्या मेसेजने शॉक बसत नाही म्हणून फ्यूज काढायला लावला, तोच इथे लोखंडी गाडीत २३० व्होल्ट फिरवायला सांगतो. त्याच नियम १०७ मध्ये १०० व्होल्टच्या वरच्या सर्किटसाठी ती सगळी सर्किट एकदम तोडणारा हाताने चालवायचा स्विच सक्तीचा केलाय, आणि तो गाडी चालवणाऱ्याच्या हाताशी हवा असं म्हटलंय. इन्व्हर्टर लॅपटॉपसाठी राहू द्या.

उरलेल्या सूचना भराभर. ‘एलईडीने डोळे जातात’: युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की निरोगी माणसांना नेहमीच्या वापरातल्या एलईडीने थेट अपाय होत असल्याचा पुरावा नाही. झोपायच्या जागी २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा लावा, निळसर पांढरा नको, तो रात्री खुपतो. ‘पेटला नाही तर पीस खराब, फेकून द्या’: एलईडीला प्लस-मायनस असतं. दोन्ही टोकांना टोप्या असलेला लांबट बल्ब काढून उलटा बसवा, बहुतेक वेळा पेटेल.

‘एलईडी लावला की रेडिओ लागत नाही’ यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. सगळ्याच नाही, पण हलक्या ड्रायव्हरच्या दिव्यांनी हे होतं, कारण तो ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो आणि त्याचा गोंगाट तारांमधून बाहेर पडतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये बोटवाल्यांना याबद्दल लेखी इशाराच दिला होता: एलईडीमुळे व्हीएचएफ रेडिओवरचे संदेश ऐकू येईनासे झाले होते. तपासायची रीत सोपी आहे. एफएम लावा, एकेक दिवा बंद करत जा, ज्याने खरखर थांबेल तो बदला. मेसेजने सुचवलेली तांब्याची तार गुंडाळून काही होत नाही.

ज्यांनी फ्यूज आधीच काढलाय त्यांनी आजच बॅटरीची मायनस केबल सोडवा. दिव्यांच्या वायरला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज बसवा. फ्यूज लांब बसवला तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरला संरक्षणच राहत नाही. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट घाला, वायर जिथे घासली असेल तिथे टेप न गुंडाळता तेवढा तुकडा बदला. भावाच्या गाडीत हे करताना दिव्यांची दोन सर्किट करून घेतली, बर्थकडचे दिवे एका फ्यूजवर आणि दाराकडचे दुसऱ्यावर. बसमध्ये तशी दोन सर्किट नियमानेच लागतात, एक गेलं तरी दुसरं चालू राहावं म्हणून. जादा खर्च म्हणजे एक होल्डर, एक फ्यूज आणि थोडी वायर.