खुलासा : सशाच्या पिल्लांना हात लावला तर चालतो

सोलापुरात पाळीव प्राण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘सशाच्या पिल्लांना माणसाचा हात लागला की आई त्यांना टाकते. ती दिवसभर जवळ गेली नाही तर गाईचं दूध पाजा.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

सशीण पिल्लांजवळ बसून राहतच नाही. दिवसातून एक-दोनदाच, तेही चार-पाच मिनिटं पाजते, बहुधा रात्री किंवा पहाटे. त्यामुळे ती दिसली नाही म्हणजे तिने पिल्लं टाकली असं नव्हे. सकाळी पोट बघा. गोल, तट्ट असेल तर दूध मिळालंय. पोट खपाटीला गेलं असेल, कातडीला सुरकुत्या असतील, तर लगेच पशुवैद्य गाठा. ड्रॉपरने घाईत पाजलेलं दूध फुप्फुसात जाऊन पिल्लू दगावू शकतं.

पाळीव सशिणीला मालकाच्या वासाची सवय असते. उलट हात लावावाच लागतो, कारण मेलेलं पिल्लू घरट्यात ठेवून चालत नाही. हात धुवा, पिल्लं मोजा, परत ठेवून द्या.

घरट्याला खोका, सुकं गवत आणि तिने स्वतः उपटलेले केस पुरतात. आपल्याकडचा टॉवेल कितीही मऊ असो, घालू नका. सुटलेला धागा पायाला आवळतो. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली तर खोका नकोच.

आणि नर आजच वेगळा करा. सशीण व्याली त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते, मग साधारण 31 दिवसांनी दुसरी वीण.