ते ३६ सेंटिमीटर गेले कुठे?

नमस्कार. ट्रामच्या रुळांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झाडलंय, पण हिशेब मांडून, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: एक किलोमीटर रूळ ३० अंशांनी तापला तर ३६ सेंटिमीटर वाढायला हवा, माझ्या संगणकावरच्या मॉडेलमध्ये तो हलतच नाही. शिवाय मेश, म्हणजे मॉडेलमध्ये रुळाचे छोटे तुकडे पाडणारी जाळी, बारीक केली की चाकाखालचा स्ट्रेस (ताण) वाढत जातो. म्हणजे ‘चित्रं लई भारी, उत्तर मनाला येईल ते’. त्यापेक्षा हातोडीच्या आवाजावरून रूळ ओळखणारा गँगमन बरा.

३६ सेंटिमीटर बरोबर आहेत, पण मोकळ्या रुळाचे. ट्रामचा रूळ रस्त्यात माथ्यापर्यंत गाडलेला, सांधे वेल्ड केलेले. मधला भाग सरकणार कुठे? अडलेली वाढ दाब होऊन बसते: पोलादाचा ताठपणा २१० गिगापास्कल, त्याचं प्रसरण अंशाला १२ दशलक्षांश आणि ३० अंश यांचा गुणाकार केला की सुमारे ७६ मेगापास्कल. मीटरला ६० किलो भरणाऱ्या रुळाचा छेद ७६ चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे एकेका रुळात ५९ टनांच्या घरात दाब, आणि वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. या हिशेबात लांबी येतच नाही. तुम्ही शिरोलीच्या फाउंड्रीतले. कोर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, ढासळला नाही तर थंड होणाऱ्या कास्टिंगला आकसायला जागा मिळत नाही आणि चीर जाते, हे मला शिकवाल. तिथे ओढ, इथे दाब, एवढाच फरक. टोकाजवळ रूळ सरकतो, पण मी घेतलेला तुकडा मधला होता.

मेशचा आक्षेप जास्त तोलाचा आहे. चाकाचा भार एकाच नोडवर, म्हणजे जाळीच्या एका बिंदूवर, टाकला तर तिथला आकडा मेशबरोबर वाढतच जाणार. शून्य क्षेत्रफळावर भार म्हटल्यावर दुसरं काय होणार? म्हणून तो आकडा मी वाचतच नाही. प्रत्यक्षात चाक साधारण नखाएवढ्या जागेवर टेकतं. तिथला स्ट्रेस हवा असेल तर भार तेवढ्या जागेवर पसरावा लागतो. रुळाच्या तळाचा वाकण्याचा ताण मात्र मेश पुरेशी बारीक झाली की ठरतो, आणि माझा लेख त्याबद्दलच होता.

मग एवढा खटाटोप कशाला, विंक्लर या जर्मन अभियंत्याचं १८६७ पासूनचं लवचीक पायावरच्या तुळईचं गणित आहेच की! साध्या रेल्वे रुळाच्या उभ्या वाकण्याला ते आजही पुरतं. पण ट्रामच्या रुळाला एका बाजूला खोबण आणि तिच्या पलीकडे ओठ असतो. दोन बाजू सारख्या नसल्याने चाकाचा भार त्याला वाकवतो तसा पिळतोही. अरुंद गल्लीतल्या तीव्र वळणावर चाकाची कड त्या ओठाला आतून रेटते, आणि ओठाच्या मुळाशी ताण साठतो. हे साध्या तुळईच्या सूत्रात सापडणार नाही.

राहिला गँगमन. गिट्टीवरच्या रुळाला हातोडी मारली की तो वाजतो. काँक्रीट आणि रबरात बसवलेला रूळ बद्दच वाजतो, तडा असो वा नसो. म्हणून तिथे अल्ट्रासॉनिक तपासणी लागते.