‘बाऊ’ या शब्दाविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

भूकंपोत्तर धक्क्यांवरच्या, म्हणजे आफ्टरशॉकवरच्या, माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे: परिमाण एका अंकाने वाढले की भूकंपाची ऊर्जा दहापट होते, हे माझे विधान चूक आहे, काही भूकंपांनंतर धक्के जवळजवळ येतच नाहीत, याचा मी उल्लेख केलेला नाही, घरे सोडून तंबूत राहण्याच्या सल्ल्यापायी लोकांचे जे हाल होतात, त्यांचा हिशेब मी मांडलेला नाही, आणि शेवटी, आपल्याच शब्दांत, ‘आफ्टरशॉक व्याख्येनेच मुख्य भूकंपाहून लहान असतात, त्यांचा एवढा बाऊ करणे म्हणजे आधीच घाबरलेल्या माणसांना आणखी घाबरवणे.’

पहिली चूक मला मान्य आहे. दहापट वाढते ती नोंदपटावरच्या लहरीची उंची. ऊर्जा सुमारे 32 पट वाढते. लिहिताना दोन आकड्यांची गफलत झाली. मात्र ती दाखवताना ‘एवढेही ज्याला ठाऊक नाही’ अशी सुरुवात करणे आवश्यक होते का, याचा आपण शांतपणे विचार करावा. चूक दाखवण्यासाठी एक वाक्य पुरते. माणूस दाखवून देण्यासाठी आपण चार खर्च केलीत.

आता ‘बाऊ’. हा शब्द मला लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. लहान मुलांना भीती घालण्यासाठी मोठी माणसे जे नसलेलेच उभे करतात, त्याला बाऊ म्हणतात. आयुष्याची बावीस वर्षे मी भूकंपाने तडकलेल्या इमारतींच्या पाहणीत घालवली, तेव्हा या विषयात काय आहे आणि काय नाही, हे मला थोडेफार कळते असे म्हणण्याची मुभा मी घेतो. एका पाहणीत दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीच्या आकाराची तड गेलेली मी पाहिली होती. तड रुंदावते का हे कळावे, म्हणून तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून, शेजारी पेन्सिलने तारीख घालण्याची आमची रीत होती. मुख्य भूकंपाने ती भिंत उभी ठेवली होती. तिसऱ्या रात्री आलेला धक्का इतका किरकोळ होता की आमच्यातले दोघे झोपेतून जागेही झाले नाहीत. सकाळी पट्टी मधोमध तुटलेली होती, भिंतीचा वरचा भाग बोटभर बाहेर आला होता आणि खालच्या दोन खांबांवरचे काँक्रीट निखळून आतल्या लोखंडी रिंगा उघड्या पडल्या होत्या. दुपारनंतर आणखी एक धक्का आला आणि ती भिंत रस्त्यावर पडली. त्या दोन्ही धक्क्यांची परिमाणे आपल्यापुढे ठेवली असती, तर आपण त्यांना लहानच म्हटले असते, आणि कागदावर आपले म्हणणे बरोबरही ठरले असते.

कारण आपण ज्याला ‘लहान’ म्हणता, ते परिमाण आहे, म्हणजे भूगर्भात किती ऊर्जा मोकळी झाली त्याचे माप. इमारतीला जाणवते ती तीव्रता, आणि ती अंतरावर, खोलीवर आणि पायाखालच्या मातीवर ठरते. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या पश्चिमेला, सुमारे 40 किलोमीटरवर, 4 सप्टेंबर 2010 च्या पहाटे 7.1 परिमाणाचा भूकंप झाला आणि त्यात इमारत कोसळून एकही माणूस दगावला नाही. त्याच क्रमातला 6.2 परिमाणाचा धक्का 22 फेब्रुवारी 2011 रोजी, भर दुपारी, शहराच्या अगदी लगत आणि जेमतेम 5 किलोमीटर खोलीवर बसला. ऊर्जेच्या हिशेबाने तो पहिल्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी होता. त्यात 185 माणसे मेली. आपल्या व्याख्येप्रमाणे हा लहान धक्का झाला.

आणि व्याख्येचेच म्हणाल, तर ती मागाहून लावली जाते. नंतरचा धक्का पहिल्यापेक्षा मोठा निघाला की पहिल्याचे नाव बदलून ‘पूर्वधक्का’ होते, एवढीच त्या ‘व्याख्येनेच’ची ताकद. जपानमधील कुमामोतो परिसरात 14 एप्रिल 2016 च्या रात्री मोठा भूकंप झाला. त्यानंतर काही माणसे घरी परतली, आणि 16 एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर त्याहून मोठा भूकंप आला. त्या अनुभवानंतर जपानच्या हवामान संस्थेने लोकांना इशारे देताना ‘आफ्टरशॉक’ या अर्थाचा शब्द वापरणे सोडले, कारण तो ऐकून ‘आता येईल ते लहानच’ असा समज होतो. नेमका आपला झाला तसा. इटलीतील असिसी येथे 26 सप्टेंबर 1997 रोजी मध्यरात्रीनंतरच्या भूकंपाने झालेले नुकसान पाहायला सकाळी काही जण संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकात शिरले असताना दुसरा धक्का बसला, छताची कमान कोसळली आणि चौघे ठार झाले. तो दुसरा धक्का पहिल्याहून किंचित मोठाच होता, तेव्हा आपण तो मोजणार नाही. पण त्या कमानीखाली उभ्या असलेल्यांना पहिल्याचे नाव पुढे काय ठरणार आहे, हे कुठून कळणार होते?

आपण बाथच्या नियमाचाही दाखला दिला आहे: सर्वांत मोठा आफ्टरशॉक मुख्य भूकंपापेक्षा सुमारे 1.2 अंकांनी कमी असतो. नियम खरा आहे, पण ती सरासरी आहे, हमी नव्हे. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 चा भूकंप 7.8 परिमाणाचा होता, आणि सतरा दिवसांनी, 12 मे रोजी, 7.3 चा धक्का आला. फरक केवळ अर्ध्या अंकाचा. त्यात 200 हून अधिक माणसे गेली.

हे असे का होते, ते मी मूळ लेखात लिहिले होतेच, आणि आपण तो भाग ‘शालेय’ म्हणून बाजूला सारला, म्हणून पुन्हा लिहितो. भ्रंशाच्या, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतल्या मोठ्या भेगेच्या, दोन बाजू एकमेकींवरून सरकतात तेव्हा त्या सर्वत्र सारख्या सरकत नाहीत. काही पट्टे अडकून राहतात आणि घसरण जिथे थांबते त्या टोकांशी ताण साचतो. मोकळा झालेला ताण नाहीसा होत नाही, त्यातला काही शेजारच्या भ्रंशांवर जाऊन बसतो, आणि जो आधीच सुटण्याच्या बेताला आलेला असतो, त्याला तेवढा भार पुरतो. शिवाय खडकांच्या भेगांतले पाणी नव्या दाबाप्रमाणे हळूहळू जागा बदलते आणि भ्रंशाचे काही भाग महिनोन् महिने गुपचूप सरकत राहतात. म्हणून धक्के एकदम थांबत नाहीत, विरळ होत जातात. जपानी भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी जपानमधल्या 1891 च्या नोबी भूकंपानंतरच्या नोंदी तपासून 1894 मध्ये दाखवले की धक्क्यांची संख्या साधारणपणे गेलेल्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते: पहिल्या दिवशी शंभर, तर दहाव्या दिवशी दहाच्या आसपास. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: घटते ती संख्या. उशिरा येणारा धक्का लहानच असेल, असे ओमोरींनी कुठेही म्हटलेले नाही, आणि क्राइस्टचर्चचा धक्का साडेपाच महिन्यांनी आला. हे शालेय असेल तर शाळेला माझा नमस्कार.

राहिले दोन मुद्दे. फार खोलवर होणाऱ्या भूकंपांनंतर धक्के कमी येतात, हे बरोबर आहे; माझा लेख उथळ भूकंपांवर होता आणि माणसे मरतात ती बहुतेक त्यांतच. तंबूतल्या हालांबद्दल आपण लिहिलेत, त्यावर स्वतंत्रपणे बोलता येईल. मी स्वतः तंबूत राहिलो आहे, तेव्हा थंडी, ओल आणि आजारपण मला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ऊर्जेचा आकडा आज सकाळी दुरुस्त केला आहे आणि त्याखाली दुरुस्तीची तारीख घातली आहे. तडकलेल्या इमारतीत तपासणी होईपर्यंत शिरू नये, हा परिच्छेद आपल्याला बाऊ वाटला. तो जसाच्या तसा ठेवला आहे.