१२८ चं ३२० केलं म्हणून गेलेलं परत येत नाही

परवा मामाचा कौतुकानं फोन आला, "सगळी गाणी ३२० ला करून टाकली, जुन्या फायली उडवल्या!" हा प्रताप एका फॉरवर्डचा. "१२८ केबीपीएसची एमपीथ्री ३२० ला न्या, आवाज स्टुडिओसारखा होतो. व्हीबीआर टाळा. फ्लॅक लेव्हल ० वरच ठेवा, जास्त दाबलं की आवाज बिघडतो. सीडीपेक्षा ९६ किलोहर्ट्झ घ्या, फरक लगेच कळतो." (केबीपीएस म्हणजे गाण्याच्या दर सेकंदाला किती हजार बिट माहिती खर्च होते तो आकडा.)

पहिल्याच वाक्यात घात आहे. एमपीथ्री करताना जे कानाला जाणवणार नाही असा एन्कोडरचा, म्हणजे फाईल बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा, हिशेब असतो, ते तो टाकून देतो. १२८ ला लेम नावाचा एमपीथ्री एन्कोडर तर साधारण १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचे, म्हणजे अगदी बारीक, उंच आवाज सगळे कापतो. जे फायलीत नाहीच ते कन्व्हर्टर आणणार कुठून? पुसट पावतीची मोठ्या कागदावर झेरॉक्स काढली म्हणून उडालेला आकडा दिसायला लागतो का? उलट नव्यानं एन्कोड करताना उरल्यासुरल्यावर पुन्हा कात्री चालते. चार मिनिटांचं गाणं ३.८ एमबीवरून ९.६ एमबी झालं, एवढीच काय ती प्रगती. विश्वास नसेल तर 'स्पेक' नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये फाईल उघडा, खालच्या-वरच्या आवाजांचं चित्र दिसेल. वरचा काळा पट्टा ३२० करूनही काळाच राहतो. आणि मूळ फायली उडवायला कोणी सांगितलं होतं?

व्हीबीआरबद्दल, म्हणजे गरजेप्रमाणे बिट कमी-जास्त करणाऱ्या एमपीथ्रीबद्दल, थोडं खरं आहे, मान्य. काही जुने प्लेअर अशा गाण्याची लांबी चुकीची दाखवायचे. पण तो दोष प्लेअरचा, आवाजाचा नव्हे. लेमचं व्ही-शून्य, म्हणजे व्हीबीआरची सर्वांत वरच्या दर्जाची सेटिंग, सरासरी २४५ केबीपीएसच्या आसपास राहतं आणि गुंतागुंतीच्या जागी जास्त बिट खर्च करतं.

फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता फाईल दाबून लहान करणारा प्रकार. त्याची लेव्हल (किती दाबायचं ते) ० असो की ८, उघडल्यावर आवाज बिट न् बिट तोच. फरक फक्त फायलीच्या आकारात आणि एन्कोडिंगला लागणाऱ्या वेळात.

राहिलं ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने; सीडीत ते ४४,१०० असतात. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये २००७ साली मेयर आणि मोरान यांची चाचणी छापून आली. हाय-रेझोल्यूशन आवाज थेट, आणि तोच सीडीच्या दर्जातून काढून, असं न सांगता ऐकवलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवूनही एवढी येतात. रेकॉर्डिंग-एडिटिंगला जास्तीचे बिट कामाला येतात, पण मामाला गाणी ऐकायचीच आहेत ना?

ज्यांच्या सीडी माळ्यावर आहेत ती गाणी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी उतरवणाऱ्या प्रोग्रॅमनं फ्लॅकमध्ये घेऊ, फोनसाठी त्यातूनच व्ही-शून्य करू. बाकीच्यांसाठी मामाला विचारलं, "रिसायकल बिन तरी शाबूत आहे ना?"

"ती तर आधीच रिकामी केली. जागा पुरत नव्हती."