लहान शहरांसाठी ट्राम कालबाह्य झाली आहे का? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

पुण्यात मेट्रो धावू लागल्यापासून कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, सांगली यांसारख्या शहरांनी कोणता मार्ग धरावा, याची चर्चा इथेही वारंवार होते आणि त्या चर्चेत एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा आहे: ट्राम हे इंग्रजांच्या काळातले वाहन असून जगाने ते टाकून दिले आणि मुंबईनेही १९६४ मध्ये ते मोडीत काढले, आज जिथे ट्राम दिसते तिथे ती मोठ्या, श्रीमंत शहरांची हौस आहे, तिला तारांचे जाळे लागते आणि ते आपल्या मिरवणुकांच्या रस्त्यांवर चालणार नाही, नव्या गाड्यांना तडे जातात, रबरी चाकांची ‘रुळांविना ट्राम’ तेच काम निम्म्या खर्चात करते, आणि पुण्यात बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) फसली, त्या अर्थी रस्त्यावरची कोणतीही राखीव मार्गिका फसणारच. यातली काही विधाने साफ चुकीची आहेत, काही अर्धवट खरी आहेत आणि दोन गंभीरपणे घेण्यासारखी आहेत. लहान शहरांचे वाहतुकीचे निर्णय पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी होत असल्यामुळे प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान इतिहासाबद्दल आहे. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची फेरी झाली, हे खरे आहे. मात्र त्यावरून ‘जगाने ट्राम टाकली’ असे म्हणता येत नाही. व्हिएन्ना, झ्युरिक, प्राग, मेलबर्न या शहरांनी ती कधीच सोडली नाही. फ्रान्सने मात्र जवळजवळ सगळी सोडली होती. युद्धोत्तर काळात तिथे लील, मार्सेय आणि सेंत-एतिएन या तीनच शहरांत ट्राम उरली होती. त्याच फ्रान्समध्ये १९८५ साली नांत शहराने नव्याने ट्राम सुरू केली, १९८७ मध्ये ग्रनोब्लने आणि १९९४ मध्ये स्ट्रासबूरने तिचे अनुकरण केले, आणि त्यानंतर सुमारे दोन डझन फ्रेंच शहरांनी ती स्वीकारली. ज्या देशाने एखादी गोष्ट पूर्ण विचारांती मोडली, त्याच देशाने ती पुन्हा उभारली, ही घटना या वादात सर्वांत बोलकी आहे, आणि फिरत्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही.

परत आलेली गाडी मात्र जुनी नव्हती. मुंबईच्या ट्राममध्ये चढायला पायऱ्या होत्या, कारण मोटारी आणि चाकांचे आस तळाखाली असत आणि त्यामुळे तळ रस्त्यापासून बराच उंच राही. ग्रनोब्लमध्ये अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरला की चाकाची खुर्ची सरळ आत गेली पाहिजे, आणि त्या आग्रहातून गाडीचा मोठा भाग रुळांपासून सुमारे ३५ सेंटीमीटर उंचीवर आणला गेला. १९९० मध्ये जर्मनीतील ब्रेमेन शहरात पूर्ण लांबीभर लो-फ्लोअर, म्हणजे खालच्या पातळीवरचा तळ, असलेली ट्राम आली. तळ खाली आला तशी विजेची बरीचशी सामग्री छतावर गेली, फलाट जेमतेम पदपथाइतका उंच पुरू लागला आणि जिने, लिफ्ट, उन्नत स्थानक यांची गरजच संपली. लहान शहराच्या दृष्टीने हा बदल वेगापेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण मेट्रोच्या खर्चाचा फार मोठा भाग गाडीत नसून पुलात, बोगद्यात आणि स्थानकांत असतो.

दुसरा बदल लांबीचा. आधुनिक ट्राम सुट्या खंडांची बनते. नांतच्या पहिल्या गाड्या उंच तळाच्या होत्या. पुढे त्यांच्या मधोमध एक लो-फ्लोअर खंड घालून त्यांची लांबीही वाढवली गेली आणि चढण्याची अडचणही दूर झाली. म्हणजे शहराने पहिल्याच दिवशी तीस वर्षांनंतरची गर्दी गृहीत धरून गाडी घ्यायला नको.

यावरून आपण ‘मोठ्या, श्रीमंत शहरांची हौस’ या विधानाकडे येतो. फ्रान्समधील बेझाँसों या शहराची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत आहे. २०१४ मध्ये तिथे सुमारे साडेचौदा किलोमीटरची ट्राम सुरू झाली. त्या शहराने सुमारे २४ मीटर लांबीच्या, पुढे वाढवता येतील अशा छोट्या गाड्या निवडल्या, थांबे साधे ठेवले, सजावटीवर खर्च टाळला आणि किलोमीटरमागे खर्च दोन कोटी युरोंच्या आत राखला. त्याच देशातील रेन शहराच्या दुसऱ्या मेट्रो मार्गाला किलोमीटरमागे नऊ कोटी युरोंहून अधिक लागले. युरोचे रुपये करून ते आकडे आपल्याकडे चिकटवणे मला योग्य वाटत नाही, कारण मजुरी, जमीन आणि कर वेगळे आहेत. पण एकाच देशात, एकाच काळात दिसणारे हे सुमारे पाचपटीचे अंतर विचारात घ्यावेच लागेल. पुणे मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गांना २०१६ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा सुमारे ३१ किलोमीटरसाठी ११,४२० कोटी रुपये अंदाजले होते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३६५ कोटी. साडेपाच लाख, साडेनऊ लाख लोकसंख्येच्या शहरांना हा हिशेब झेपेल का, हा प्रश्न उपस्थित करणे म्हणजे मेट्रोला विरोध करणे नव्हे.

बेझाँसों हा अपवादही नाही. एक लाखाहून कमी वस्तीच्या आविन्यों शहरात २०१९ मध्ये आणि पन्नास हजारांच्या आतल्या ओबान्य गावात २०१४ मध्ये अशाच आखूड गाड्या आल्या. कोल्हापूर, २०११ च्या जनगणनेनुसार, या सर्वांहून कितीतरी मोठे आहे. लोकसंख्या असली म्हणजे प्रवासी मिळतातच असे नाही, हे मान्य. दुचाकीवर चालणाऱ्या शहरात ते मिळवावे लागतात. परंतु केंद्र सरकारनेच २०१९ मध्ये कमी गर्दीच्या शहरांसाठी ‘मेट्रोलाइट’ची तांत्रिक मानके प्रसिद्ध केली. ती व्यवस्था म्हणजे बहुतांशी जमिनीवरून, राखीव मार्गावरून धावणारी हलकी रेल्वेच आहे. तेव्हा ‘भारतात याचा कोणी विचारच करत नाही’ असा सूर लावणे वस्तुस्थितीला धरून नाही.

लहान शहराची खरी अडचण वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल मजकूर गप्प आहे. वीस गाड्या मागवणाऱ्या शहराला कारखानदार फारसे मोजत नाहीत आणि सुटे भाग महाग पडतात. इथिओपियातील अदिस अबाबा येथे २०१५ मध्ये ४१ गाड्यांनिशी हलकी रेल्वे सुरू झाली आणि सुट्या भागांच्या व देखभालीच्या अभावी काही वर्षांतच तिच्या बऱ्याच गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. याला उपाय आहे. फ्रान्समधल्या ब्रेस्त आणि दिजों या एकमेकांपासून दूर असलेल्या शहरांनी ५० हून अधिक गाड्यांची मागणी एकत्र नोंदवली आणि दोघांच्याही ट्राम २०१२ मध्ये धावल्या. नाशिक, सोलापूर आणि कोल्हापूर यांनी एकाच प्रकारची गाडी, एकच सुट्या भागांचा साठा आणि एकच प्रशिक्षण अशी मागणी राज्यामार्फत केली, तर त्यांचा शब्द वजनदार ठरेल. हा मुद्दा मला गाडीच्या निवडीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तारांचा आक्षेप पुण्यात लगेच पटतो, आणि त्याला कारण आहे. २०२१ मध्ये लकडी पुलावरील मेट्रोच्या बांधकामामुळे विसर्जन मिरवणुकीतील रथांना अडथळा होईल म्हणून गणेश मंडळांनी हरकत घेतली होती, आणि ती हरकत उडवून लावण्यासारखी नव्हती. पण आज प्रत्येक मीटरवर तार असलीच पाहिजे, ही समजूत जुनी झाली आहे. फ्रान्समधील बोर्दोमध्ये २००३ पासून रुळांच्या मध्ये बसवलेल्या पट्टीतून वीज घेतली जाते आणि त्या पट्टीचा फक्त गाडीखालच्या तुकड्यातच वीज खेळते. सुरुवातीला या व्यवस्थेने बराच त्रास दिला, नंतर ती स्थिरावली. स्पेनमधील सेव्हियामध्ये गाडी थांब्यावर उभी असताना सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज झटपट साठवणारे उपकरण, भरून घेते. आपल्या परिस्थितीशी सर्वांत मिळतेजुळते उदाहरण फ्रान्समधील नीस शहराचे आहे: तिथे २००७ मध्ये सुरू झालेली ट्राम मासेना चौक बॅटरीवर ओलांडते, आणि त्याच चौकात त्या शहराचा प्रसिद्ध कार्निव्हल उंच रथांसह भरतो. सर्व मार्ग तारेविना करणे महाग आहे, त्यामुळे गाडीचे वजनही वाढते. मिरवणुकीच्या चौकापुरते ते करणे मात्र शक्य आणि सिद्ध आहे. लक्ष्मी रस्त्यासारख्या पेठेतल्या चिंचोळ्या रस्त्यावर ट्राम न्यावी, असे मी म्हणत नाही. पण त्याचे कारण तार नाही, रुंदी आहे.

नव्या गाड्यांना तडे जातात, हे विधान मात्र खरे आहे आणि ते झाकून ट्रामची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००४ मध्ये सीमेन्स कंपनीच्या कॉम्बिनो गाड्यांच्या सांगाड्यात तडे आढळले आणि जगभरच्या शेकडो गाड्यांची दुरुस्ती करावी लागली. २०२१ मध्ये बर्मिंगहॅम आणि सिडनी येथे काफ या स्पॅनिश कंपनीच्या उर्बोस ३ गाड्यांत तडे सापडून सेवा बंद ठेवाव्या लागल्या, आणि बेझाँसोंच्या गाड्या याच कुळातल्या आहेत. याचे मूळ लो-फ्लोअरच्या हव्यासात आहे. संपूर्ण तळ सपाट ठेवायचा तर चाके बसवलेल्या चौकटीला, म्हणजे बोगीला, सांगाड्याखाली मोकळेपणाने वळायला जागा उरत नाही. ती जवळजवळ घट्ट बसवावी लागते आणि वळणावरचा ताण चाकांकडून थेट सांगाड्याकडे जातो. रूळही लवकर झिजतात. प्रागमध्ये २०१० च्या सुमारास आलेल्या श्कोडा १५टी गाडीने सपाट तळ राखूनही वळणाऱ्या बोगी बसवून दाखवल्या; ती गाडी अधिक गुंतागुंतीची आहे. दुसरा, साधा पर्याय म्हणजे गाडीचा साठ-सत्तर टक्के भागच लो-फ्लोअर ठेवणे आणि टोकांना दोन पायऱ्या सोसणे. वळणांच्या लहान शहराने निविदेत ‘१०० टक्के लो-फ्लोअर’ असे डोळे मिटून लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तड्यांच्या प्रकरणांतून हाच धडा निघतो. ट्रामच नको, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आता रुळांविना ट्राम. चीनमधील जूजो शहरात २०१७ मध्ये रस्त्यावरच्या पांढऱ्या खुणा वाचत चालणारी, तीन खंडांची रबरी चाकांची गाडी दाखवली गेली, आणि ‘निम्म्या खर्चात तेच’ ही घोषणा तिथून पसरली. पण रबरी चाकांना मार्गदर्शनाने बांधण्याचा प्रयोग याआधी झालेला आहे. नान्सी आणि कां या फ्रेंच शहरांनी २००० नंतर अशीच, मधल्या एका रुळाने दिशा मिळणारी रबरी चाकांची गाडी घेतली. नान्सीची सेवा सुरू झाल्यावर अपघातांमुळे सुमारे वर्षभर बंद ठेवावी लागली. कांने २००२ मध्ये सुरू केलेली व्यवस्था २०१७ च्या अखेरीस बंद केली आणि २०१९ मध्ये लोखंडी रुळांवरची नेहमीची ट्राम आणली. नान्सीचीही २०२३ मध्ये थांबली. पंचवीस-तीस वर्षे चालायला हवी ती गुंतवणूक कांमध्ये पंधरा वर्षांत संपली.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. नेहमीच्या रस्त्यावर प्रत्येक चालक थोडा इकडेतिकडे चालवतो आणि झीज पसरते. मार्गदर्शित जड गाडीची चाके मात्र प्रत्येक वेळी त्याच रेषेतून जातात आणि डांबरात चर पडतात. मग रस्ता काँक्रीटने भक्कम करावा लागतो आणि वाचवलेला खर्च तिथे निघून जातो. त्याखेरीज नान्सी आणि कां यांची गाडी दुसऱ्या कोणी घेतलीच नाही. निर्मात्याने ती बनवणे थांबवले आणि दोन्ही शहरे अडकली. १४३५ मिलिमीटर अंतराच्या प्रमाणित रुळांचे असे नाही, त्यांच्यावर चालणारी गाडी अनेक कारखाने बनवतात. वीज कमी लागते ती वेगळीच, कारण लोखंडावर लोखंडाचे घर्षण रबराच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी असते. जिथे गर्दी बेताची आहे तिथे साधी विजेवरची बस उत्तम आहे, आणि तशी सरळ मागणी करावी. तिला ट्रामचे नाव देऊन ट्रामचीच अपेक्षा ठेवू नये.

रूळ टाकण्याचा खर्च हा मात्र खरा अडथळा आहे. रस्त्याखालच्या जलवाहिन्या, ड्रेनेज आणि केबल हलवण्यातच वेळ आणि पैसा जातो, हे कोणाही पुणेकराला सांगायला नको. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात यासाठीच ११ मीटरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या हलक्या गाडीसोबत जेमतेम ३० सेंटीमीटर खोलीचा रूळपट्टा विकसित केला गेला आहे, म्हणजे बहुतेक वाहिन्या जागच्या जागी राहतील. २०२५ मध्ये तिथल्या रस्त्यावर त्याचा छोटा प्रायोगिक तुकडा प्रवाशांसाठी खुला झाला. तो अजून प्रयोगच आहे, म्हणून त्याच्या भरवशावर आज निविदा काढू नये. पण संशोधनाची दिशा लहान शहराकडेच आहे, हे त्यातून दिसते.

राहिला बीआरटीचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. पुण्याने २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग केला. राखीव मार्गिकेत इतर वाहने शिरत राहिली, सलगता कधीच मिळाली नाही आणि पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका काढूनच टाकण्यात आली. रूळ टाकल्याने ही शिस्त आपोआप येते, असा समज काही ट्रामप्रेमी बाळगतात. तो चुकीचा आहे. आडवी लावलेली रिक्षा बस वळसा घालून चुकवते, ट्रामला मागे उभे राहावे लागते. पण बीआरटीचे अपयश बसगाडीचे नव्हते, आणि तसेच ते राखीव मार्गिकेच्या कल्पनेचेही नव्हते. चौकात प्राधान्य देणारे सिग्नल, ओलांडता न येणारा कठडा, पार्किंगवरील कारवाई आणि पीएमपी (पुण्याची बससेवा), महापालिका व वाहतूक पोलीस यांची एकत्रित जबाबदारी यांच्या अभावाचे ते अपयश होते. ज्या शहराला या चार गोष्टी आधी बसच्या एका मार्गावर करून दाखवता येतील, त्याने ट्रामचा आराखडा हाती घ्यावा; ज्याला येणार नाहीत, त्याला कोणत्याही कारखान्याची कोणतीही गाडी उपयोगी पडणार नाही, मग तिच्याखाली रूळ असोत वा टायर.