तेरची बहीण नेपल्समध्ये

इटलीतल्या नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात सगळं भव्य आहे. तळमजल्यावर तीन मीटरहून उंच हर्क्युलिस गदेवर रेलून उभा आहे आणि त्याच्यासमोर माणूस आपोआप गप्प होतो. मी मात्र जर्मनीहून इतक्या लांब गेले होते ते जेमतेम वीतभर उंचीच्या एका बाईसाठी.

ती 1938 साली पाँपेई या प्राचीन रोमन शहरातल्या एका घरात सापडली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली ही हस्तिदंती मूर्ती. पुस्तकांत तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. काचेला नाक लावून मी तिच्याकडे पाहत राहिले. एक पाय दुसऱ्यावर तिरका टाकलेला, दोन्ही बाजूंना दोन दासी, कमरेला मेखला, हातभर बांगड्या आणि पायांत पोटरीपर्यंत कड्यांची चळत. आजीच्या पायांत असे तोडे होते, चालताना जड वाजायचे. मूर्तीच्या डोक्यात वरून एक भोक आहे. आरशाची मूठ म्हणून की चौरंगासारख्या एखाद्या वस्तूचा पाय म्हणून ती घडवली, यावर मतभेद आहेत.

मी फोटो पाठवला तसा धाकट्या भावाचा फोन आला. “ताई, ही आपली आहे ना? मग परत आणायला पाहिजे!”

हे तो एकटाच म्हणत नाही. 2024 च्या जुलैमध्ये लंडनहून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला. ती नखं तीच का, हा वाद त्याआधीपासून चालू आहे. लंडनच्या संग्रहालयानेही तशी खात्री दिलेली नाही. 2025 मध्ये सरकारने रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून विकत घेतली. लुटून नेलेलं परत मिळालंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परदेशी काचेमागे आपली वस्तू पाहताना पोटात जे तुटतं, ते मी अकरा वर्षं अनुभवते आहे.

पण ही बाई कुणी लुटून नेलेली नाही. ती व्यापाराच्या वाटेने गेली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं मोठं गाव सांगितलं आहे. तिथला माल गाड्यांतून भडोच बंदराला जायचा, आणि भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालात हस्तिदंतही होता. मूर्तीच्या तळाशी वायव्य भारतात चालणाऱ्या खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, म्हणून ती वायव्येकडच्या वाटेने गेली असावी असंही मानतात. मात्र तिच्या घडणीशी जवळचं नातं सांगणारे हस्तिदंती नमुने निघाले ते जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला. तगर म्हणजे हेच तेर, गोरोबाकाकांचं गाव.

मी भावाला विचारलं, “तिची तेरची बहीण पाहिलीस का रे?”

“तेरला कोणती?”

तेर त्याच्या घरापासून तासाभरावर आहे. चैत्रातल्या यात्रेला आम्ही लहानपणी दरवर्षी जायचो. समाधीचं दर्शन, नदी, भेळ, परत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंवर तिथलं सरकारी संग्रहालय उभं राहिलं आहे, हे आम्हाला घरात कुणी सांगितलं नाही आणि शाळेतही नाही. शाळेची सहल अजिंठ्याला गेली, महाबळेश्वरला गेली. तेरच्या संग्रहालयाची पायरी मी चढले ती चाळिशीत.

नेपल्समध्ये मला सगळ्यात जास्त हेवा वाटला तो दहाबारा वर्षांच्या पोरांचा. फरशीवर मांडी घालून ती एका भित्तिचित्रासमोर बसली होती आणि बाई विचारत होत्या, “इथे जेवण कोण वाढतंय?” अठरा वर्षांखालच्यांना इटलीच्या सरकारी संग्रहालयांत तिकीट नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तर सगळ्यांनाच मोफत. इटलीतही हेळसांड झालेली आहे. 2010 च्या नोव्हेंबरात पाँपेईतली एक अख्खी इमारत कोसळली. पण त्यावर देश पेटला, संस्कृतिमंत्र्यांवर संसदेत अविश्वासाचा ठराव आला. ठराव पडला, तरी पुढे काही आठवड्यांत त्यांनी पद सोडलं आणि मग 10 कोटी युरोंच्या वर पैसा पाँपेईच्या डागडुजीसाठी उभा राहिला. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या संग्रहालयाचं छत गळलं म्हणून विधानसभेत मंत्र्यांना कधी धारेवर धरतील का?

माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. ही मूर्ती नेपल्सला ‘गुप्त कक्षा’त ठेवली आहे, पाँपेईतल्या कामुक चित्रांच्या आणि शिल्पांच्या दालनात. सर्वांसाठी ते कायमचं खुलं झालं 2000 साली. अंगावर वस्त्र नाही एवढ्यावरून तिला तिथे बसवणं मला खटकलं. तिची जागा समुद्रापारच्या व्यापाराच्या दालनात आहे, भडोच आणि तेर दाखवणाऱ्या नकाशाशेजारी. मागायचंच असेल तर आपण हे मागावं. शिवाय दोन्ही बहिणी कधीतरी एका काचेत, सहा महिने नेपल्सला आणि सहा महिने तेरला, एकत्र ठेवाव्यात. त्यासाठी तेरला तशी काच, तसा पहारा आणि तिच्याबद्दल मराठीत नीट चार ओळी सांगणारी पाटी आधी हवी.

चैत्रात मी गावी येते आहे. भावाला सांगून ठेवलंय, पोरांना घेऊन ये, आणि या वेळी आधी संग्रहालय, मग भेळ.